ब्रेक दाबला की मागचा दिवा का विझतो

दिवाळीला लेक-जावई अंबाजोगाईला आले ते अंधार पडल्यावरच. दारात गाडी लावताना जावयांनी ब्रेक दाबला आणि मागचा उजवा लाल दिवा उजळायचा सोडून विझला. मी ओट्यावर बसलेलो. म्हटलं, "बापू, मांजरसुंब्यापासून असेच आलात?" तर म्हणाले, "मामा, दोनदा बल्ब टाकला. गॅरेजवाला म्हणतो आता अख्खी लाइटच नवी बसवा." नेकनूर-केजचा तो रस्ता, त्यात उसाच्या ट्रॉल्या सुरू झालेल्या. मागच्याला आपण ब्रेक दाबलाय हे कळलंच नाही तर काय होईल, ते सांगायला नको.

मी ३१ वर्षं एसटीच्या आगारात इलेक्ट्रिशियन होतो. बसला २४ व्होल्ट, कारला १२, दुखणी तीच. आणि बाहेरच्या दिव्यांचं सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे अर्थ, गाडीच्या पत्र्यातून (बॉडीतून) बॅटरीच्या मायनसकडे परतायची करंटची वाट. लोक बल्ब बदलतात, फ्यूज बदलतात, पण करंट बॅटरीकडे परत कोणत्या वाटेनं जातो ते कोणी बघत नाही.

आधी जावयांच्या गाडीला काय झालं होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मागच्या बल्बमध्ये बऱ्याच गाड्यांत दोन तारा असतात. ५ वॅटची पार्किंगची, म्हणजे रात्री सतत लागणारी, आणि २१ वॅटची ब्रेकची. दोघींचा अर्थ एकच, बल्बच्या पितळी अंगातून. तो अर्थ तुटला की पार्किंगचा करंट ब्रेकच्या तारेत उलटा शिरतो आणि पलीकडच्या दिव्यातून बॉडी गाठतो. पाट फुटला की पाणी शेजाऱ्याच्या वावरातून वाट काढतं, तसंच. त्यामुळं पार्किंग लाइट जवळजवळ नीट दिसते आणि तुम्ही फसता. ब्रेक दाबला की मात्र दोन्ही तारांच्या टोकांना १२ व्होल्ट येतात, करंटला वाहायला जागाच उरत नाही, दिवा जातो. इंडिकेटर लावल्यावर ब्रेकचा दिवा लुकलुकत असेल तरी संशय पहिला अर्थावर घ्यायचा.

हत्यारं फार लागत नाहीत. १० नंबरचा पाना, पॉलिश पेपर, साधा मल्टिमीटर आणि घरी केलेला टेस्ट लॅम्प: २१ वॅटच्या बल्बला दोन लांब वायरी, एका टोकाला चिमटा. मीटरपेक्षा माझा या दिव्यावर जास्त भरवसा. वायरीचे वीस धागे तुटून एकच उरला तरी मीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट घेतच नाही. दिवा लावला की वायरीचं खोटं लगेच उघडं पडतं. मात्र नव्या गाड्यांत दिवे कॉम्प्युटरच्या डब्यातून चालतात. तिथं हा दिवा वाटेल त्या वायरीला लावू नका, मीटरच वापरा. पिवळ्या वेष्टणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हातच लावायचा नाही.

सकाळी नातीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. "आबा, दाबू?" असं दर वेळी विचारायची. माणूस नसेल तर सीट आणि पेडलच्या मध्ये काठी अडकवा, किंवा गाडी भिंतीला पाठ करून लावा आणि उजेड भिंतीवर बघा.

पहिलं काम बल्ब काढून बघणं. हसू नका, मागं एकानं दिवा मिणमिणतो म्हणून गाडी आणली होती, आत ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब निघाला. बल्बवर छापलेलं असतं, वाचा. दोन तारांच्या बल्बच्या खुंट्या वर-खाली असतात, तो दाबून उलटा बसवू नका. होल्डरमध्ये हिरवी भुकटी दिसली तर पाणी आत जातंय. पॉलिश पेपरनं घासा, रबर बदला.

मग टेस्ट लॅम्प. चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरं टोक होल्डरच्या ब्रेकच्या टोकाला, नातीला म्हटलं दाब. लखलखीत लागला, म्हणजे प्लस ठणठणीत. आता चिमटा प्लसला लावून दुसरं टोक होल्डरच्या अर्थाला टेकवलं. दिव्यात नुसती लाल रेघ. खात्रीसाठी बल्ब बसवून, पार्किंग आणि ब्रेक दोन्ही चालू ठेवून मीटरचं एक टोक होल्डरच्या अर्थावर आणि दुसरं बॅटरीच्या मायनसवर धरलं. तिथं ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं. आले ९ च्या वर.

अर्थाची काळी वायर हातानं चाचपत गेलो. डिक्कीतला गालिचा उचलला, कोपऱ्यात पत्र्याला बोल्ट. वरून चकचकीत. खोलला तर गोल टर्मिनलखाली गंज, आणि त्याच्याही खाली डेंटिंगवाल्यानं मारलेला रंग. रंगावर बोल्ट आवळून अर्थ मिळत नाही, इतकी साधी गोष्ट. पत्रा रुपयाच्या नाण्याएवढा घासून उघडा केला, टर्मिनल घासलं, दातेरी वॉशर टाकून आवळलं आणि वरून व्हॅसलीन फासलं. व्हॅसलीन आवळल्यानंतर, आधी नाही. मीटर ०.१ वर आला.

अर्थ चांगला असून दिवा जात-येत असेल तर डिक्कीच्या बिजागरीजवळची रबरी नळी बघा. झाकण वर-खाली होऊन वायर आतल्या आत तुटते, वरचं प्लास्टिक शाबूत राहतं. एकेक वायर हलकेच ओढा. जी रबरासारखी ताणली जाते ती तुटलेली. तिथल्या तिथं जॉइंट मारू नका, वाकण्याच्या जागी तो महिनाभरात पुन्हा तुटेल. नळीच्या दोन्ही बाजूंनी कापून मधला तुकडाच नवा घाला. तुकडा तेवढ्याच जाडीचा, बारीक धाग्यांच्या गाडीच्या वायरीचा. घरातली एका तारेची वायर थरथरीनं मोडते. गरम केल्यावर आकसणारी स्लीव आधी ओवायची (मी अजूनही विसरतो), मग दीड सेंटिमीटर सोलून पीळ द्यायचा, राळेचा डाग द्यायचा आणि स्लीव गरम करून बसवायची. दोन-तीन वायरींचे जॉइंट एकाच रेषेत आणू नका, पुढं-मागं करा.

फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा फ्यूज टाकण्याचा मोह आवरा. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा. जो होता तोच. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे मी पाहिलेत आणि त्यांच्या जळालेल्या वायरीही मीच बदलल्यात. उपाय असा: त्या लाइनवरचे सगळे बल्ब काढा, उडालेल्या फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प जोडा आणि स्विच चालू करा. शॉर्ट असेल तर लॅम्प पेटेल. तो करंट अडवून धरतो, म्हणून वायर जळत नाही. आता वायरिंग हलवत जा. जिथं हात लागल्यावर लॅम्प विझेल तिथं शॉर्ट. सोयाबीनची पोती भरलेल्या पडवीत गाडी लावत असाल तर सुरुवात बॉनेटखालून करा, उंदरांची हजेरी तिथंच असते.

हेडलाइट पिवळट झाली तर लोक १०० वॅटचे बल्ब आणतात. कायद्यात बसत नाहीत आणि होल्डर वितळतो. ६०/५५ वॅटचे दोन बल्ब डिपरवर, म्हणजे ५५ वॅटच्या खालच्या झोतावर, ९ अँपिअर घेतात. तेवढा करंट जुन्या स्विचमधून जाताना व्होल्ट वाटेतच झिजतात. दिवे चालू ठेवून बॅटरीवर आणि होल्डरवर व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर फरक असेल तर रिले टाका, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच. त्याच्या पिनांचे नंबर असे: ३० ला बॅटरीचा प्लस, बॅटरीलगत फ्यूज घालून, ८७ वरून दिव्याला, ८६ ला स्विचची जुनी वायर, ८५ ला अर्थ. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डागाजवळ ती तडकते.

काम झाल्यावर नातीनं बादलीभर पाणी मागच्या दिव्यांवर ओतलं, ते मात्र मी न सांगता. पुन्हा आत बसून तिनं ब्रेक दाबला, उजवा-डावा सारखेच लागले. गॅरेजवाल्यानं काढून दिलेले दोन्ही बल्ब जावयांच्या डॅशबोर्डात पडून होते. लावून बघितले, दोन्ही चांगले निघाले. एक मी टेस्ट लॅम्पला ठेवून घेतला.