‘गेम कसा वाटला?’ असं विचारू नका: खेळाडूंकडून कामाचा अभिप्राय मिळवण्याची पद्धत

मित्राच्या हातात फोन दिला आणि दहा मिनिटांनी ‘कसा वाटला?’ विचारलं, की उत्तर ठरलेलं: ‘भारी झालाय.’ अमृततुल्यच्या बाकड्यावर तासभर तावातावाने मतं मांडणारा पुणेकरसुद्धा समोर गेम बनवणारा बसला की नरमतो. प्रश्नच असा, की खरं उत्तर दिलं तर समोरच्याचं मन दुखावणार. पुढची पद्धत नोकरी किंवा कॉलेज सांभाळून दोन-चार जणांत गेम करणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या स्टुडिओत या कामाला वेगळी माणसं असतात, इथे ती तुम्हीच.

बिल्ड हातात द्यायच्या आधी

एका बिल्डसाठी, म्हणजे गेमच्या चालवून बघता येणाऱ्या एका आवृत्तीसाठी, एकच प्रश्न कागदावर लिहा, आणि तो असा हवा की खेळाडूकडे नुसतं बघून उत्तर मिळेल. समजा, जुन्या वाड्यात घडणारा मोबाइल गेम आहे आणि पहिल्याच चौकात विहिरीचा रहाट ओढायचा आहे. ‘गेम मजेदार आहे का’ हा प्रश्न निरुपयोगी. ‘कोणी न सांगता पहिल्या ५ मिनिटांत रहाट ओढता येतो का’ हा चालेल.

चित्रं अर्धीच झाली असतील तर ती चाचणीपुरती बाजूला ठेवा आणि सगळीकडे साधे राखाडी ठोकळे लावा. एका खोलीला सुंदर रंग आणि दुसरी उघडीबोडकी असली, की प्रत्येक जण रंगांवरच बोलतो. ‘चित्रं तात्पुरती आहेत’ असं बजावून सांगितलं तरी बोलतो.

बिल्डमध्ये तीन गोष्टी हव्यातच. पडद्याच्या कोपऱ्यात बिल्ड क्रमांक. अडकलेल्या खेळाडूला पुढे नेण्यासाठी लेव्हल ओलांडायचं लपवलेलं बटण. आणि सगळी प्रगती पुसणारं बटण, जे बहुतेक जण विसरतात. ते नसलं की पहिल्या खेळाडूने ट्यूटोरियल संपवल्याची नोंद फोनवर तशीच राहते, दुसऱ्याला ट्यूटोरियल दिसतच नाही, आणि तो गोंधळला म्हणून तुम्ही चांगली चालणारी गोष्ट बदलत बसता.

माणसं कुठून आणायची

एका फेरीला पाच जण पुरतात. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशेब असा, की पाच जणांच्या निरीक्षणात वापरण्यातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. मात्र ते पाच एकाच प्रकारचे वापरणारे असावे लागतात. रोज शूटर खेळणारे आणि कधीतरी कोडी सोडवणारे असे दोन गट असतील तर पाच-पाच वेगळे घ्या. आणि हा हिशेब ‘कळतं का’ यासाठी आहे. ‘अवघड किती ठेवायचं’ हे पाच जणांवरून ठरत नाही, त्याला आकडे लागतात.

घरचे आणि जवळचे मित्र फक्त गेम बंद पडतो का हे बघण्यापुरते. खरे परीक्षक म्हणजे तुमचं नाव माहीत नसलेले लोक. मोबाइलवरच्या छोट्या गेमसाठी सदाशिव पेठ, नारायण पेठेतल्या अभ्यासिकांबाहेर संध्याकाळी चहाला उतरणारी मुलं उत्तम: वीस मिनिटांची सुट्टी, हातात मध्यम किमतीचा फोन, आणि नको वाटलं की लगेच बंद करायची सवय. पीसी गेमसाठी गेमिंग कॅफेच्या मालकाशी बोलून दुपारचे रिकामे तास मिळतात का पाहा. इंजिनिअरिंग कॉलेजांत माणसं भरपूर, पण सबमिशन आणि ओरल्सच्या दिवसांत कोणी फिरकणार नाही. गणपतीच्या दहा दिवसांत मध्यवर्ती पेठांत काही ठरवू नका. गुरुवारी वीज किंवा पाणी बंद राहण्याची शक्यता असते, तेव्हा घरी चाचणी ठेवणार असाल तर वार आधी बघा.

बोलावण्याआधी चारच प्रश्न विचारा: फोन कोणता, गेल्या महिन्यात कोणते गेम खेळलात, आठवड्याला साधारण किती वेळ, वय १८च्या वर आहे का. ‘गेम आवडतात का’ विचारू नका, सगळे ‘हो’च म्हणतात. पाच हवे असतील तर सात जणांना वेळ द्या. रविवारी सकाळी दोघे येत नाहीतच.

टेबलावरची चाचणी

एका माणसाला ४० मिनिटं: ५ ओळखीला, २० खेळायला, १५ बोलायला. शक्य असेल तर त्याचाच फोन वापरा. तुमच्या महागड्या फोनवर झकास चालणारा गेम ४ जीबी रॅमच्या फोनवर कसा रखडतो ते तेव्हाच कळतं. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीखाली जो बिल्ड नंबर असतो (गेमचा नव्हे), त्यावर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात ‘शो टॅप्स’ चालू करून, परवानगी विचारून स्क्रीन रेकॉर्डिंग लावा. बोट कुठे पडलं हे नंतर पांढऱ्या ठिपक्यांवरून दिसतं. काम झालं की दोन्ही बंद करून फोन परत द्या.

सुरुवातीला एवढंच सांगा: ‘आम्ही गेम तपासतोय, तुम्हाला नाही. जे मनात येईल ते मोठ्याने बोला. मी मधे बोलणार नाही, राग मानू नका.’ आणि मग खरोखर गप्प बसा. सगळ्यात जास्त चाचण्या इथेच वाया जातात. खेळाडू दहा सेकंद थांबला की बनवणाऱ्याचं बोट आपोआप स्क्रीनकडे जातं: ‘नाही नाही, इथे दाबा.’ त्या क्षणापासून पुढची सगळी निरीक्षणं खोटी. गेम डाउनलोड करणाऱ्याच्या शेजारी तुम्ही बसलेले नसणार. खेळाडूने विचारलं ‘आता काय करू?’, तर उत्तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ सलग तीन मिनिटं तो तिथेच अडकला तरच लपवलेलं बटण दाबा आणि वहीत तशी नोंद करा.

नोंद करताना निष्कर्ष लिहू नका, घडलं ते लिहा. ‘कंट्रोल्स समजले नाहीत’ ही नोंद आठवड्याने कोणाच्याच कामाची नसते. ‘२:४० – रहाटावर ५ वेळा टॅप, मग दोर सोडून बादलीवर टॅप, “हँग झाला का?”’ ही नोंद वाचली की उपायही दिसतो: खेळाडूला रहाट दिसला, तो वापरायचा हेही कळलं, फक्त धरून ओढायचा हे कळलं नाही. म्हणजे बाण किंवा मजकूर वाढवायची गरज नाही. पहिल्या टॅपला रहाट थोडासा फिरून मागे आला तरी बहुतेकांना कळेल.

खेळून झाल्यावर विचारायचे प्रश्नही घडलेल्या गोष्टीवर ठेवा. ‘विहिरीपाशी तुम्ही थांबलात तेव्हा मनात काय चाललं होतं?’ ‘हा गेम मित्राला सांगायचा झाला तर काय म्हणाल?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शब्दशः उतरवून घ्या. खेळाडूने सांगितलेला गेम आणि तुमच्या डोक्यातला गेम वेगळे निघाले, तर ती त्या दिवसाची सगळ्यात मोलाची नोंद. ‘किती रुपयांना घ्याल?’ मात्र विचारू नका. त्याला काहीच अर्थ नसतो.

लांबचे खेळाडू

गूगल प्लेवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक डेव्हलपर खातं असेल तर हा टप्पा टाळता येतच नाही. प्रॉडक्शनला, म्हणजे गेम सगळ्यांसाठी खुला करायला, अर्ज करण्याआधी क्लोज्ड टेस्टिंगमध्ये (निवडक लोकांच्या चाचणीत) किमान १२ जण सलग १४ दिवस सामील राहिलेले असावे लागतात (आधी ही अट २० जणांची होती). इंटर्नल टेस्टिंग या दुसऱ्या प्रकारात १०० जणांना घेता येतं, पण ते या अटीत धरलं जात नाही, आणि हे दोन आठवडे उलटल्यावर कळलं की फार चरफड होते. बारावर थांबू नका, अठरा-वीस जण घ्या, कारण कोणी ना कोणी मधेच बाहेर पडतं. नेहमीची अडचण खात्याची: यादीत दिलेला जीमेल पत्ता एक आणि फोनवरच्या प्ले स्टोअरमध्ये लॉग-इन दुसऱ्याने, मग लिंक उघडून ‘अ‍ॅप सापडत नाही’ दिसतं. पत्ता मागतानाच ‘प्ले स्टोअरमधला’ असं स्पष्ट लिहा. प्रॉडक्शनच्या अर्जात चाचणी कशी केली आणि अभिप्रायातून काय कळलं हेही विचारतात. वहीतल्या नोंदी तिथे कामी येतात.

आयफोनसाठी ॲपलच्या टेस्टफ्लाइटवर बाहेरचे १०,००० लोक घेता येतात, पण प्रत्येक बिल्ड ९० दिवसांनी बंद पडतं. पीसीला स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचं ‘प्लेटेस्ट’ सोयीचं: ते मूळ गेमपासून वेगळं ॲप असतं, त्याला रिव्ह्यू नसतात आणि लोकांना थोडं थोडं करून आत घेता येतं. सगळ्यांना पहिल्याच दिवशी आत घेऊ नका. नवं बिल्ड प्रथमच बघणारे डोळे मर्यादित असतात. एका फेरीला वापरले की ते जुने झाले.

बग कळवायची सोय

व्हॉट्सअॅप ग्रुप काढायचा मोह होतो. तिथे ‘गेम बंद पडला’ हा मेसेज सकाळच्या सुप्रभातांखाली दुपारपर्यंत गाडला जातो, शिवाय प्रत्येकाचा नंबर सगळ्या अनोळखी लोकांना दिसतो. डिस्कॉर्डवर फोरम प्रकारचं चॅनल केलं की प्रत्येक बगचा वेगळा धागा राहतो. त्याहून चांगलं म्हणजे गेमच्या मेनूतच ‘अडचण कळवा’ बटण. बिल्ड क्रमांक, फोनचं मॉडेल आणि लेव्हल गेमनेच भरायची. खेळाडूने फक्त तीन ओळी लिहायच्या:

- काय करत होतात?
- काय व्हायला हवं होतं आणि काय झालं?
- पुन्हा केलं तर पुन्हा होतं का?

युनिटी या गेम इंजिनवर केलेल्या विंडोज बिल्डची लॉग फाइल (गेम चालताना काय घडलं याची आपोआप होणारी नोंद) ‘अ‍ॅपडेटा’मधल्या ‘लोकललो’ फोल्डरात, तुमच्या कंपनीच्या आणि गेमच्या नावाखाली, ‘प्लेअर डॉट लॉग’ या नावाने असते. गेम पुन्हा सुरू केला की ती ‘प्लेअर-प्रेव्ह’ होते, आणि आणखी एकदा सुरू केला की कायमची जाते. म्हणून क्रॅशनंतर ‘गेम उघडू नका, आधी फाइल पाठवा’ ही सूचना वरच लिहा. या फाइलमध्ये विंडोजवरचं खेळाडूचं नाव येऊ शकतं. ती सगळ्यांसमोर टाकायला लावू नका.

प्रत्येक नोंदीला तीनपैकी एक उत्तर द्या: ‘समजलं, बघतोय’, ‘अमुक बिल्डमध्ये दुरुस्त केलं’, किंवा ‘हे करणार नाही’, आणि शेवटच्याला कारण जोडा. स्पष्ट नकार लोक पचवतात. महिनाभर उत्तरच आलं नाही की मात्र गप्प होतात, आणि तुम्हाला वाटतं बग संपले.

सूचना वाचताना

त्याच वाड्याच्या गेममध्ये एक जण म्हणतो ‘उडी उंच करा’, दुसरा ‘सज्जा खाली आणा’, तिसरा ‘ही लेव्हलच काढून टाका’. तीन सूचना एकमेकींशी जुळत नाहीत, पण रेकॉर्डिंग पाहिलं तर तिघेही सज्ज्याच्या एकाच टोकावरून पडलेत. लाकडाचा रंग मागच्या भिंतीत मिसळतो, म्हणून कड दिसत नाही आणि उडी अर्धा क्षण आधीच मारली जाते. कडेला एक उजळ रेघ पुरते. उडी उंच केली असती तर पुढच्या सहा लेव्हल बिघडल्या असत्या. तेव्हा तक्त्यात सूचनेचा रकाना वेगळा आणि ‘कुठे, काय करताना अडलं’ हा रकाना वेगळा ठेवा, आणि मोजणी दुसऱ्याची करा. सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणाऱ्याच्या पाच पोस्ट म्हणजे एकच खेळाडू.

अवघडपणासाठी लेव्हल सुरू, संपली, खेळाडू मेला, गेम सोडला या चारच घटनांची नोंद ठेवली तरी चित्र उभं राहतं. ‘स्ले द स्पायर’ हा पत्त्यांचा गेम नोव्हेंबर २०१७ ते जानेवारी २०१९ अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) होता, आणि त्या काळात पत्त्यांचा समतोल साधताना बनवणाऱ्यांनी खेळाडूंच्या डावांच्या आकडेवारीचा भरपूर आधार घेतला. आकडे कुठे ते सांगतात, का ते रेकॉर्डिंग सांगतं.

मदत मागताना

मराठी मजकूर तपासायला खेळाडूंसारखी माणसं नाहीत. युनिटीत मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोमध्ये देवनागरी नीट जुळत नाही: ‘स्थिती’ लिहून बघा, वेलांटी चुकीच्या जागी पडते आणि जोडाक्षर पाय मोडून सुटं दिसतं. गोडो ४ या दुसऱ्या इंजिनमध्ये ही अडचण नाही. भाषा तपासायला फक्त पुण्याचे लोक घेऊ नका, कोल्हापूर आणि नागपूरचे एक-दोन असू द्या. नाहीतर वाड्यातली सगळी पात्रं पेठेतलीच बोलतात.

कोणी भाषांतर, संगीत किंवा चित्र दिलं तर आभारांवर भागवू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. स्टीमवर जगभर विकायच्या गेमला हे दोन शब्द राहून गेले तर पुढे महागात पडतं. एका पानाच्या कागदावर काम, मोबदला, मुदत आणि ‘जगभर’ एवढं लिहून दोघांनी सही करा.

अठराच्या आतली मुलं परीक्षक असतील तर पालकांची लेखी संमती घ्या. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. माहितीही कमीत कमी ठेवा: टोपणनाव आणि फोनचं मॉडेल पुरतं, शाळा आणि जन्मतारीख कशाला हवी?

मोबदला म्हणून नाश्ता, प्रवासखर्च, गेमची प्रत, क्रेडिट्समध्ये नाव, जे जमेल ते द्या. नाव कसं लिहायचं ते त्यांनाच विचारा, काहींना टोपणनावच हवं असतं. चांगल्या रिव्ह्यूच्या बदल्यात मात्र काही देऊ नका. स्टीम आणि गूगल प्ले दोन्हीकडे ते नियमाबाहेर आहे, आणि पकडलं गेलं तर ज्या रिव्ह्यूंसाठी खटपट केली तेच पुसले जाऊ शकतात.