जुना इराणी रेशमी गालिचा: पारखताना आणि जपताना या चुका टाळा

रेशमी गालिचा पारखताना बहुतेकांची नजर चकाकीवर जाते आणि पहिली फसगत तिथेच होते. मर्सराइझ केलेले, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने चमकदार केलेले सूत आणि व्हिस्कोज हा कृत्रिम धागा ही दोन्ही जुन्या रेशमाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक चमकतात. मालकाच्या परवानगीने लवेतला, म्हणजे गालिच्याच्या वरच्या मऊ, उभ्या केसाळ थरातला एखादा तुटका तंतू जाळून पाहावा: रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि त्याची राख बोटांत चुरडते, तर सूत आणि व्हिस्कोज यांना कागद जळाल्याचा वास येतो. हा तंतू झालरीतून मात्र घेऊ नये, कारण झालर म्हणजे ताण्याचीच, म्हणजे विणीतल्या लांबीच्या धाग्यांचीच टोके असतात आणि ताणा व लव एकाच धाग्याचे असतीलच असे नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील प्रसिद्ध अर्दबील गालिच्याचे ताणे-बाणे रेशमाचे आहेत, लव मात्र लोकरीची आहे.

त्याच गालिच्यावर हिजरी ९४६ म्हणजे इ.स. १५३९-४० असे वर्ष विणलेले आहे. विणलेले वर्ष वाचताना दुसरी चूक होते. इराणने १९२५ मध्ये सौर हिजरी कालगणना अधिकृतपणे स्वीकारली, त्यामुळे १३२० हा आकडा चांद्र गणनेने १९०२-०३ ठरतो आणि सौर गणनेने १९४१-४२. गालिचा शंभर वर्षांपलीकडचा आहे की नाही, हे ठरवताना हा फरक निर्णायक असतो. शिवाय एखादा अंक उसवून पुन्हा विणलेला तर नाही ना, हे मागून तपासावे.

विक्रेत्याने "शंभर वर्षांपूर्वीचा कोमचा रेशमी गालिचा" म्हटले, तर सावध व्हावे, कारण इराणमधील कोम शहरात गालिचे विणण्याचे काम १९३० च्या दशकात सुरू झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील रेशमी गालिच्यांसाठी काशान आणि तबरीझ या इराणी शहरांची नावे अधिक विश्वासार्ह आहेत. मात्र नक्षी काशानची दिसली म्हणून गालिचा काशानचा ठरत नाही. काश्मीरमध्येही इराणी नक्षीचे उत्तम रेशमी गालिचे विणले जातात आणि ते काश्मिरी म्हणून विकले गेले तर त्यात काहीच वावगे नाही.

लवेच्या गाठीवरूनही गालिचा कुठला, याचा घाईने निष्कर्ष काढू नये. तबरीझचे विणकर आकडी चाकूने सममित (ताण्याच्या दोन्ही धाग्यांना सारखाच वेढा देणारी), म्हणजे तथाकथित तुर्की गाठ मारतात, तरी ते गालिचे इराणीच असतात. आणि असममित, म्हणजे तथाकथित इराणी गाठीला इराणमधील ज्या सेन्नेह शहराचे नाव मिळाले, तिथेही गंमत अशी की सममित गाठच वापरतात. एकाच रंगात दिसणारे फिके-गडद पट्टे हाही दोष नव्हे. त्याला अब्रश म्हणतात आणि वेगवेगळ्या खेपांत रंगवलेल्या धाग्यांमुळे तो येतो.

सर्वांत महागडी चूक घरी होते. रेशमी गालिचा घरी पाण्याने धुऊ नये, कारण ओले रेशीम कमकुवत होते आणि जुने रंग एकमेकांत उतरतात. काही सांडले, तर न घासता स्वच्छ पांढऱ्या कापडाने फक्त टिपून घ्यावे. व्हॅक्यूम यंत्राचा फिरता ब्रश लवेला आणि झालरीला लावू नये, तसेच ऊन थेट पडेल तिथे गालिचा अंथरू नये, कारण प्रकाशाने रेशीम ठिसूळ होते. कोकणातील पावसाळ्यात तो घडी करून प्लास्टिकमध्ये बांधला, तर ओल आत कोंडून बुरशी धरते आणि घडीवर लव कायमची मोडते. त्याऐवजी लव ज्या दिशेला झुकते त्या दिशेने, नळीवर गुंडाळून, स्वच्छ सुती कापडात ठेवावा आणि काही महिन्यांनी उलगडून कसर लागली आहे का, हे मागच्या बाजूने पाहावे.