कोर्स पॉलिसी लिहिताना या चुका टाळा

सेमिस्टरच्या चौथ्या आठवड्यात वर्ग हाताबाहेर गेला की नवे प्राध्यापक मुलांना दोष देतात. मुलं गेल्या वर्षीही अशीच होती. गडबड असते ती पहिल्या लेक्चरला घाईघाईत वाचून दाखवलेल्या कोर्स पॉलिसीत, म्हणजे आपल्या विषयाच्या वर्गाच्या नियमांच्या कागदात.

‘उशिरा आलेलं सबमिशन स्वीकारलं जाणार नाही’ हे वाक्य आधी खोडा. दर वर्षी ते लिहिलं जातं आणि पहिल्याच असाइनमेंटला मोडतं. समजा ६० जणांच्या वर्गात मुदतीला ४२ असाइनमेंट आल्या. दुसऱ्या दिवशी एक मुलगी येते. तिच्या घरी खरंच आजारपण असतं, तिचं काम घेतलं जातं, आणि ते घ्यायलाच हवं. पण संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर ‘सर घेतायत’ असा मेसेज फिरतो आणि सकाळी स्टाफरूमच्या दारात उरलेले १७ जण उभे असतात. तिघा-चौघांच्या हातात गल्लीतल्या दवाखान्याचं सर्टिफिकेट. कुणाचं खरं, कुणाचं खोटं याचा निवाडा दारातच करावा लागतो. ‘तिचं घेतलं, मग माझं का नाही?’ याला उत्तर नसतं, आवाज चढतात, आणि विभागप्रमुखांकडे ‘उद्धट मुलगा’ म्हणून तक्रार जाते. त्या मुलाचा प्रश्न मात्र रास्त होता.

त्यापेक्षा पाळता येईल असा नियम करा. २० गुणांच्या असाइनमेंटला उशिराच्या दर दिवशी २ गुण कमी, ५ दिवसांनंतर बंद. १४ गुणांचं काम ३ दिवस उशिरा आलं तर ८ गुण. शिवाय प्रत्येकाला सेमिस्टरभरात ४८ तासांच्या दोन सवलती, कारण न विचारता. अट एकच, मुदत संपण्याआधी मेल आला पाहिजे. कारण विचारलं नाही की खोटं बोलायची गरज उरत नाही आणि अडचण चारचौघांत सांगायला लाजणारी मुलंही वाचतात. मोठ्या आजारपणाची वेगळी ओळ ठेवा आणि तो निर्णय विभागप्रमुखांच्या सहीने होऊ द्या. हे सगळं पहिल्या लेक्चरच्या आधी विभागात मंजूर करून घ्या, नाहीतर इंटर्नलचे गुण भरताना कापलेले गुण परत द्यावे लागतात.

उशिरा येणाऱ्यांना वर्गाचं दार बंद करून घेणं ही दुसरी चूक. आपली मुलं लोकलने कसारा-कर्जतहून, ट्रान्स-हार्बर मार्गाने ऐरोली-घणसोलीहून येतात. पावसात रुळांवर पाणी आलं की शिस्तीचं मूलही पाऊण तास उशिरा पोहोचतं. पहिली १० मिनिटं मागच्या दाराने मुकाट्याने आत यायचं, हजेरी मिळेल. त्यानंतर बसता येईल, हजेरी नाही. गाड्या बंद असल्या तर त्या दिवशी नियम स्थगित, आणि तसं सकाळीच ग्रुपवर सांगायचं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे भर वर्गात हुज्जत घालणं. ५९ जण बघत असताना १९ वर्षांचा मुलगा माघार घेत नाही, कारण त्याची इज्जत पणाला लागलेली असते. शिकवणं न थांबवता त्याच्या बाकापाशी जाऊन उभे राहा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर हळू आवाजात ‘लेक्चर संपल्यावर भेट’ एवढंच म्हणा. नंतरचं बोलणं ५ मिनिटांत आटपा, कॉरिडॉरमध्ये किंवा दार उघडं ठेवून. आणि त्याच दिवशी त्याला चार ओळींचा मेल करा: तारीख, वेळ, काय घडलं, काय ठरलं. ‘वर्गात उद्धट वागतो’ असं लिहू नका. ‘१०.४० ते ११ या वेळात तीनदा मोठ्याने बोलला, दोनदा सांगूनही फोन ठेवला नाही’ असं लिहा. दुसऱ्यांदा घडलं तर मेलची प्रत विभागप्रमुखांना. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाऊ शकतो. तिथे विशेषणं कामाला येत नाहीत, तारखा येतात.

वागणुकीसाठी असाइनमेंटचे गुण कापू नका. गुण कामाचे, शिस्तीची कारवाई वेगळी. हा शॉर्टकट घेणारे पुढे हमखास अडचणीत येतात.

डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे ७५ टक्क्यांपेक्षा कमी हजेरी असलेल्यांची यादी, दर महिन्याला लावा. शेवटच्या आठवड्यात लावली तर फक्त रडारड होते.

प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर मित्राची हजेरी दुसऱ्याने लावणं, थांबवायची तर हजेरीनंतर डोकी मोजा.

परीक्षेतली कॉपी अनफेअर मीन्स समितीकडे जाते, रॅगिंगची तक्रार थेट प्राचार्यांकडे आणि अँटी-रॅगिंग समितीकडे. रॅगिंगमध्ये ‘दोघांना बसवून मिटवलं’ असं चुकूनही करू नका.

अचानक गप्प झालेलं किंवा भडकायला लागलेलं मूल दरवेळी बेशिस्त नसतं. कॉलेजचा समुपदेशक कुठे, किती वाजता भेटतो ते आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पॉलिसीच्या कागदावरच छापा.

कागद एका पानाचा, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. मराठी माध्यमातून आलेली कितीतरी मुलं न समजलेला नियम विचारत नाहीत, मोडल्यावरच कळतो. दुसऱ्या लेक्चरला त्यावर पाच प्रश्नांची चाचणी घ्या, ‘मंगळवारी आलेल्या कामाचे किती गुण कापले जातील?’ अशी.

मध्येच नियम बदलावा लागला तर फक्त मुलांच्या फायद्याचा बदल करा, त्यावर तारीख घाला आणि जुनी प्रतही ग्रुपवर राहू द्या.