'कडक!' म्हणण्याआधी: दुसऱ्याच्या फोटोवर मत देताना या चुका टाळा

आम्ही सात-आठ हौशी फोटोवाले महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, लॅपटॉप टीव्हीला जोडतो आणि एकमेकांचे फोटो बघतो. बारा वर्षं हे चाललंय. माणसं बदलली, कॅमेरे बदलले, पण मत देताना होणाऱ्या चुका त्याच आहेत. त्यातल्या दोन तर मीही केल्यात, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

पहिली चूक म्हणजे फोनवर फोटो बघून 'कडक!' म्हणून टाकणं. गटातली एक मुलगी हिवाळ्यात भिगवणला गेली होती. कुंभारगावातून पहाटे होडीने निघून उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर तिने रोहित पक्ष्यांचा उडता थवा टिपला. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. गुलाबी पंख, खाली पाण्यात सावल्या. सगळ्यांनी वाहवा केली, सगळ्यात आधी मी. त्या भरवशावर तिने २० बाय ३० इंची प्रिंट काढून फ्रेम करून घेतली. पहिल्या पगारातले पैसे होते ते. प्रिंट भिंतीवर लागली तेव्हा दिसलं की पुढच्या पक्ष्याचा डोळा मऊ, म्हणजे जरा पुसट आहे आणि मागच्याच्या पंखाची पिसं न् पिसं स्पष्ट आहेत. फोकस मागे गेला होता. त्याच थव्याच्या तिच्याकडे अकरा फ्रेम होत्या आणि त्यातल्या दोन अगदी नेमक्या होत्या. आमच्यापैकी एकानेही "बाकीच्या दाखव" म्हटलं नव्हतं. "काका, तुम्हाला तेव्हा दिसलं नव्हतं का?" एवढंच तिने विचारलं. दिसणार कसं? सहा इंची पडद्यावर सगळंच शार्प वाटतं, आणि व्हॉट्सअ‍ॅप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान करतं.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. मूळ फाइल मागवायची. १०० टक्के मोठी करून आधी डोळे बघायचे, मग चारी कोपरे, मग खुर्ची मागे सरकवून पूर्ण फ्रेम. एवढं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. वेळ नसेल तर "संध्याकाळी बघतो" म्हणावं. घाईतल्या कौतुकापेक्षा ते बरं.

दुसरी चूक म्हणजे "शार्प नाही" एवढंच सांगून मोकळं होणं. यातून समोरच्याने काय दुरुस्त करायचं? फोटो बहुतेक वेळा तीन कारणांनी पुसट येतो आणि तिन्ही ओळखता येतात. सगळी फ्रेम एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसत असेल तर हात हललाय. २०० मिलिमीटरच्या लेन्सला शटर, म्हणजे उजेड आत येण्याची वेळ, निदान १/२०० सेकंद ठेवा; कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी चिप (सेन्सर) छोटी असेल तर १/३००. झाडं-भिंती स्वच्छ आणि फक्त माणूस पुसट असेल तर शटर त्याच्या वेगाला कमी पडलंय. उडत्या पक्ष्याला मी १/१६०० च्या खाली उतरत नाही. आणि विषय मऊ पण त्याच्या पुढची किंवा मागची वस्तू लख्ख, तर फोकस चुकलाय. यातलं कोणतं, ते सांगा.

पण त्याच्याही आधी विचारा, की हे मुद्दाम केलंय का. गटातल्या एका निवृत्त गृहस्थांनी दिवे घाटातला वारीचा फोटो आणला होता. वारकऱ्यांचा पांढरा ओघ पार धूसर. मी लगेच म्हणालो, "शटरचा वेग वाढवायला हवा होता." ते "बरं" म्हणाले आणि पुढचे चार महिने फोटोच आणला नाही. नंतर कळलं, ढगाळ उजेडात कठड्यावर कॅमेरा टेकवून त्यांनी मुद्दाम १/८ सेकंद ठेवलं होतं. त्या सगळ्या ओघात डोक्यावर तुळस घेतलेली एकच बाई थांबली होती आणि ती अगदी स्पष्ट होती. मी पुसट भागाकडे बघत बसलो आणि ती बाई मला दिसलीच नाही. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँच्या १९३२ सालच्या पॅरिसच्या फोटोत डबक्यावरून उडी मारणारा माणूसही धूसरच आहे. आता माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "तुम्हाला यात काय दाखवायचं होतं?" उत्तर ऐकल्यावर निम्म्या वेळा माझी तक्रारच बदलते.

बाकीच्या चुका थोडक्यात.

"कॅमेरा कुठला?" हा पहिला प्रश्न नको. जेवण आवडलं म्हणून कुणी कढईची कंपनी विचारत नाही.

एक तृतीयांशाचा नियम (विषय मधोमध न ठेवता फ्रेमच्या एक तृतीयांशावर ठेवायचा) पाठ झाला की नवी मंडळी प्रत्येक फोटोला तीच फूटपट्टी लावतात. देवळाचा गाभारा, शेतातलं एकटं झाड हे मधोमधच शोभतं कधीकधी.

"एडिटमध्ये होईल नीट" असा दिलासा देऊ नका. आभाळ जळून पांढरं झालं असेल तर तिथे परत आणण्यासारखं काही उरलेलं नसतं. त्यापेक्षा पुढच्या वेळी हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघायला सांगा.

"मी असतो तर खाली बसून घेतला असता." तुम्ही नव्हता. समोर आहे त्या फोटोबद्दल बोला.

नवख्याची मोठी चूक सगळ्यांसमोर काढू नका. चहाला उठल्यावर बाजूला घेऊन सांगा, पण सांगा.

कौतुकही नेमकं असू द्या. त्या गृहस्थांना नंतर मी म्हणालो, "तिच्या हिरव्या लुगड्याशिवाय फ्रेममध्ये कुठेच गडद रंग नाही, म्हणून नजर तिथेच थांबते." पुढच्या वारीला ते पुन्हा घाटात गेले आणि त्या वेळी रंग शोधत होते.

आणि आल्या आल्या चाळीस फोटो पाठवून "कसे आहेत?" विचारणाऱ्यांना मी मत देत नाही. दोन दिवस थांब, तीन निवड आणि ते तीनच का निवडले ते लिहून पाठव, असं सांगतो. काही जण रागावतात. जे निवडून पाठवतात, त्यांच्या फोटोंना मी रविवारची अख्खी दुपार देतो.