आठवत नाही म्हणण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात बिंदू चौकात गाडी लावून अंबाबाईला गेलो. दर्शन झालं, कपिलतीर्थ मंडईतून मेथीची पेंडी घेतली आणि परत आलो तर गाडी कुठं लावली ते आठवेना. चावीचं बटण दाबायची सोय नसलेली जुनी स्प्लेंडर. दोन रांगा धुंडाळून झाल्यावर तिथला माणूस म्हणाला, "काका, त्या बाजूला तुम्ही काल लावलीसा. आज हिकडं हाय."

घरी सांगितलं तर "तुमचं वय झालं" एवढंच ऐकायला मिळालं. वयाचा भाग असेलही, पण निम्मी विसराळूपणाची तक्रार आपल्या सवयींमुळं असते.

न बघितलेलं ‘विसरलो’ म्हणणं

वीसच्या नव्या नोटेच्या मागं चित्र कशाचं आहे? खिशात हात घालू नका. वेरूळची लेणी आहेत, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रातली. हजार वेळा हातातून गेलेली नोट, पण चित्राशी आपलं काम पडत नाही. रंग आणि आकडा बघून ती पुढं सरकते. 1979 मध्ये अमेरिकेत निकरसन आणि ॲडम्स या संशोधकांनी लोकांना तिथलं एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं, तेव्हा तिथंही हीच गत झाली. माझ्या गाडीचंही तेच. लावताना मी फोनवर बोलत होतो, त्यामुळं जागा डोक्यात गेलीच नव्हती, आणि ती रिकामी जागा कालच्या आठवणीनं भरून काढली. उपाय साधा आहे. गाडी लावली की मागं वळून एकदा बघायचं आणि "निळ्या पत्र्याच्या समोर" असं तोंडानं म्हणायचं. लोक बघतात, बघू देत.

वाचलं म्हणजे झालं असं समजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत माझा पुतण्या स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. पुस्तक बघावं तर पिवळ्या, गुलाबी, हिरव्या रेघांनी होळी खेळल्यासारखं. "चार वेळा वाचलंय काका, पण पेपरात सुचत नाही." पुस्तक मिटायला लावलं आणि म्हटलं, आता त्या पानावरचं सांग. दोन वाक्यांत गाडी थांबली.

पान पुन्हा वाचताना ओळखीचं वाटतं, आणि ओळख पटली म्हणजे येतंय असा समज होतो. परीक्षेत मात्र समोर पान नसतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधल्या प्रयोगात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा परत परत वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढं गेले. म्हणजे घोकणाऱ्याला आदल्या दिवशी वाटणारा आत्मविश्वासच फसवा असतो.

दुसरी गोष्ट अंतराची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं स्वतःवरच प्रयोग करून निरर्थक अक्षरं पाठ केली आणि 1885 मध्ये निकाल छापले. तासाभरात निम्म्याहून जास्त मेहनत वाया गेली, दिवसानं जेमतेम एक तृतीयांश उरली. (या घसरणीचा आलेख क्लासवाले सगळ्या विषयांना चिकटवतात. अर्थ कळलेली गोष्ट इतक्या झपाट्यानं जात नाही.) म्हणून एका रात्रीत सहा तास बसण्यापेक्षा आज, परवा, मग आठवड्यानं, असं थोडं थोडं आठवून बघायचं. आणि झोपायचं. दिवसभराचं शिकलेलं झोपेत पक्कं होतं. रात्र जागून केलेला अभ्यास स्वतःचाच पाया उकरतो.

स्पष्ट आठवतंय म्हणजे बरोबरच, असं धरणं

आमचं घर शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ. पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला लागली की गल्ली जागी होते, 43 ला धोका. 2019 आणि 2021 असे दोन पूर आम्ही पाहिले. पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला लागलं होतं, हे मला चित्रासारखं दिसतं. भीती वाटली की मेंदू ती गोष्ट घट्ट धरतो. पण घट्ट धरलेलं खरं असतंच असं नाही. 1986 मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांकडून बातमी कुठं ऐकली ते लिहून घेतलं होतं. अडीच-तीन वर्षांनी परत विचारलं तर अनेकांची उत्तरं बदललेली, खात्री मात्र तेवढीच.

एक सोडून देऊ नका: चावी कुठं ठेवली हे विसरणं वेगळं, चावीचं काय करायचं हे न कळणं वेगळं. घरच्यांना अचानक फरक जाणवला तर डॉक्टरांना दाखवा. ब जीवनसत्त्वातलं बी-12 किंवा थायरॉइडची गडबडही निघते, आणि तिला औषध आहे.

पुराच्या त्या पायरीवरून शेजाऱ्याशी मिसळीची पैज लागली होती. मी म्हणत होतो तिसरी, 2019. मोबाईलमधल्या फोटोची तारीख निघाली जुलै 2021. मिसळ मीच पाजली, जादा कट मागून मागून खाल्ला त्यानं. आता भिंतीवर ऑइल पेंटनं खूण आणि साल लिहून ठेवलंय.