करड्या छटा तांबूस का झाल्या?

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी लावलेला शनिवारवाड्याचा कृष्णधवल प्रिंट वर्षभरातच तांबूस दिसू लागला, तेव्हा मनाला फार लागले. रंगीत डाय (विरघळणाऱ्या रंगाच्या) शायांच्या मिश्रणाचा करडा आणि कार्बन पिगमेंटचा (न विरघळणाऱ्या काजळीसारख्या कणांचा) करडा अशा दोन पट्ट्या मी एकाच सुती कागदावर छापल्या, अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलने घट्ट झाकला आणि मार्च ते मे पश्चिमेच्या खिडकीत काचेमागे ठेवल्या. शेजारी ब्लू वूलची, म्हणजे प्रकाशात ठरावीक प्रमाणात विटणाऱ्या निळ्या लोकरी कापडाची, पट्टीही लावली, कारण ऊन रोज सारखे नसते आणि एकूण प्रकाशाचा अंदाज तिच्यावरूनच येतो. फॉइल काढल्यावर मिश्रणाच्या पट्टीवर, विशेषतः फिकट छटांत, झाकल्या-उघड्या भागांमधली सीमा ठसठशीत दिसली. निळी शाई आधी विटल्याने रंगांचा तोल गेला होता. कार्बनच्या पट्टीवर मात्र ती सीमा भिंगाने शोधावी लागली. प्रिंट मी कार्बन शाईत पुन्हा काढून घेतला.