हवेतून ३९१ काढताना

हवेतून, म्हणजे तिच्यातल्या नायट्रोजनच्या आयनांकडून, ३९१ नॅनोमीटरची जांभळी वर्णरेषा दिसणं फार अवघड नाही. ती लेसरसारखी सुसंगत, म्हणजे एका तालातल्या लहरींची आहे हे स्वतःला पटवण्यात दिवस जातात.

आधी चष्मा. ८०० नॅनोमीटर डोळ्याला जेमतेम दिसतं, पण डोळ्याचा पडदा जाळायला पुरेसं असतं.

टायटेनियम-सफायर लेसरची ४० फेम्टोसेकंदांची, १ मिलिज्यूलची पल्स घ्या. हवेत तिची लांबी अवघी १२ मायक्रोमीटर, पण शक्ती २५ गिगावॅट. ३० सेंटिमीटरच्या लेन्सने ती एकवटली, की हवेचा अपवर्तनांक वाढून झोत स्वतःलाच आवळतो. नायट्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटले की प्लाझ्मा त्याला पसरवतो. या ओढाताणीतून चमकती बारीक तार उभी राहते, ती फिलामेंट. सेकंदाला हजार पल्स असतील तर तिची गुणगुण कानाला ऐकू येते. मी अजूनही जुळवणी बरीचशी कानानेच करतो.

आता बी पेरायचं, म्हणजे तारेने वाढवावा असा थोडासा ३९१चा प्रकाश तिच्यात सोडायचा. झोताचा छोटा हिस्सा वेगळा काढून तरंगलांबी निम्मी करणाऱ्या बीबीओ स्फटिकातून न्या. ४००च्या आसपासचा प्रकाश मिळेल. स्फटिक जरासा तिरका करत त्याचा पट्टा ३९१ पर्यंत आणा. ही क्षीण पल्स तारेच्या अगदी रेषेत आणि मुख्य पल्सच्या मागून यायला हवी. मागेपुढे करायच्या स्टेजवर ०.१५ मिलिमीटर म्हणजे १ पिकोसेकंद, तेव्हा स्क्रू हळू फिरवा. बी आधी पोचलं तर काहीच वाढत नाही. रेषा फिकी वाटली तर हवा बंद नळीत घेऊन दाब थोडा थोडा उतरवत पाहा.

पहिल्यांदा रेषा दिसली तेव्हा मी सगळ्यांना बोलावलं होतं. एकाने वर्णपटमापकाची फायबर तारेच्या बाजूला, काटकोनात धरली. रेषा तिथेही तितकीच! म्हणजे ती साधी प्रतिदीप्ती होती, चहूकडे पसरणारी. तेव्हापासून समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून मोजल्याशिवाय मी वहीत काही लिहीत नाही. बी अडवून पाहा, मग ध्रुवक (एकाच दिशेने कंपणारा प्रकाश पुढे सोडणारी काच) फिरवा: खरी रेषा बीच्या ध्रुवणालाच धरून राहते. शेवटी मुख्य झोतात पाव-तरंग पट्टी घालून वर्तुळाकार ध्रुवण करा. ३९१ कोसळली, तर मग बोलवा सगळ्यांना.